एअर पिस्तूलची ग्रिप मुलीच्या हाताला मोठी पडते: घासून बसवावी की लहान मापाची घ्यावी?

राजवाडा_इंदूर

नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची आहे, उजव्या हाताने १० मीटर एअर पिस्तूल खेळते. पिस्तूल सेकंडहँड घेतलेलं, अक्रोडाची ग्रिप (मूठ), माप मीडियम. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिचा हात १६६ मिमी भरतो, चार बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी ७३ मिमी.

अडचणी अशा. तर्जनीचं फक्त टोक ट्रिगरवर पोचतं, अगदी नखाजवळचं. डोळे मिटून हात उचलला आणि मग डोळे उघडले, तर फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकावरची नेमाची उभी पट्टी) मागच्या साइटच्या खाचेत उजवीकडे गेलेली दिसते. पहिले वीस शॉट डावीकडे जातात, घड्याळात साधारण नऊ वाजता. पस्तीस-चाळीसच्या पुढे मात्र दोन्ही बाजूंना फाकतात. तोवर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं आणि करंगळीला मुंग्या येतात.

कोणी म्हणतं मीडियम घासून लहान करा, कोणी म्हणतं स्मॉल घ्या, आणि एकाने सुचवलं की इथल्याच सुताराकडून शिसवीची करून घ्या. मुलीचा हात अजून वाढायचा आहे. काय करावं?

दहाचा_ठिपका

ताई, मापं आणि लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे नेमकं सांगता येईल. कानस हातात घेण्याआधी उभं राहण्याचा दोष आणि ग्रिपचा दोष वेगळे करून घ्या. पुष्कळदा इथेच गल्लत होते आणि चांगल्या ग्रिपचं लाकूड फुकट जातं.

डोळे मिटून हात उचलल्यावर चूक दोन तऱ्हेची दिसू शकते. फ्रंट साइट खाचेत बरोबर मधोमध आहे, पण अख्खं पिस्तूल टार्गेटच्या डावी-उजवीकडे बघतंय, तर दोष पायांचा. मागचं पाऊल थोडं सरकवायचं, ग्रिपला हात लावायचा नाही. पण फ्रंट साइट खाचेतच एका बाजूला गेली असेल तर पाय कितीही हलवा, फरक पडत नाही. तो दोष पकडीचा. तुमच्या मुलीचं हेच आहे. तरी टार्गेट न लावता कोऱ्या भिंतीवर दहा वेळा करून बघा आणि प्रत्येक वेळी डावी, मधे, उजवी असं लिहून ठेवा. दहातल्या सात-आठ वेळा एकच बाजू आली तरच ती ग्रिपची खूण समजा.

हे इतकं महत्त्वाचं का, ते आकड्यांत बघा. दोन्ही साइटमधलं अंतर ३४० मिमी धरा. फ्रंट साइट खाचेत एकच मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर पेलेट (छर्रा) सुमारे २९ मिमी दूर जाते. दहाचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिमीने मोठं. म्हणजे तो शॉट सरळ सातात. उलट साइट जुळलेल्या असताना अख्खा हातच तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तरी दहा सुटत नाही. हात थरथरतो याची काळजी पालक फार करतात. गुण जातात ते साइटचा कोन बिघडल्याने, आणि कोन बिघडतो मनगटात.

आता तुमच्या लक्षणांची साखळी. ग्रिप मोठी, बोट पोचत नाही, म्हणून हात ग्रिपभोवती थोडा उजवीकडे फिरतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं पिस्तुलाच्या मधोमध बसायचं सोडून उजव्या अंगाला जातं. मग कोपरापासून मनगटापर्यंतची रेघ आणि नळीची रेघ एक राहत नाही, नळी हाताच्या मानाने उजवीकडे बघते. डोळे उघडल्यावर साइट उजवीकडे दिसते ती त्यामुळे. मुलगी मनगट आत वळवून ती मधे आणते. त्यात बोटाचं टोक ट्रिगर सरळ मागे न ओढता तिरका ढकलतं, म्हणून शॉट डावीकडे. पस्तीस शॉटांनंतर मनगट दमतं, वळवून धरलेला हात कधी सुटतो, कधी जास्त वळतो, आणि ग्रुप (टार्गेटवरचा शॉटांचा झुबका) दोन्हीकडे फाकतो. अंगठ्याचं मूळ दुखतं तेही याच ओढाताणीने.

म्हणून पहिलं काम लाकडाचं नाही, ट्रिगरचं. बहुतेक मॅच पिस्तुलांत ट्रिगरची पट्टी छोट्या रुळावर पुढेमागे सरकते आणि थोडी फिरवताही येते. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, बारीक ॲलन कीने तिचा स्क्रू सैल करा आणि पट्टी मागे घ्या. बोटाचं टोक आणि पहिली घडी यांच्या मधला मांसल भाग पट्टीच्या मधोमध आला पाहिजे, आणि तर्जनीचा बाकी भाग लाकडाला कुठेही टेकता कामा नये. बोट आणि लाकूड यांच्यातून एक व्हिजिटिंग कार्ड सहज गेलं पाहिजे. नंतर ट्रिगरचं वजन (तो ओढायला लागणारा जोर) पुन्हा तपासा. नियम किमान ५०० ग्रॅमचा आहे आणि पट्टी सरकवल्यावर वजन थोडं बदलू शकतं.

नवशिका_विजयनगर

माझ्या माहितीप्रमाणे पाम शेल्फ (ग्रिपच्या तळाशी, तळहाताच्या कडेखाली असते ती सरकती फळी) वर घेऊन घट्ट कसली की पिस्तूल हलतच नाही. मोठ्या ग्रिपमधे पण हात जाम बसतो. आधी ते करून बघा, पैसे वाचतील.

दहाचा_ठिपका

हे करू नका, ताई. करंगळीच्या मुंग्या बहुधा शेल्फच्या कडेमुळेच आहेत. तळहाताच्या टाचेजवळ, करंगळीच्या बाजूने, करंगळी आणि अर्ध्या अनामिकेला जाणारी नस कातडीच्या बरीच जवळून जाते. शेल्फची कड तिथे रुतली की मुंग्या येतात. हात जाम बसला म्हणून पिस्तूल स्थिरही होत नाही. शेल्फ खालून दाबते, हात वरून प्रतिकार करतो आणि प्रत्येक नाडीचा ठोका साइटवर दिसायला लागतो.

शेल्फ लावायची रीत अशी. दहा-पंधरा मिनिटं ड्राय फायर (पेलेट न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव) होऊ द्या, कारण हात गरम झाला की थोडा फुगतो आणि थंड हातावर बसवलेली शेल्फ अर्ध्या मॅचमधे आवळायला लागते. मग शेल्फचा स्क्रू सैल करा. मुलीने हात टार्गेटच्या उंचीवर धरायचा, आणि तुम्ही शेल्फ खालून हळूच वर आणा. हाताला लागली की थांबा आणि तिथून एक पोस्टकार्ड सरकेल एवढी खाली घ्या. कसताना बहुतेक शेल्फ तिरकी फिरते, तेव्हा दुसऱ्या हाताने धरून कसा. पेन्सिलीने लाकडावर रेघ ओढून ठेवा, म्हणजे साफसफाईला काढल्यावर जागा हरवत नाही.

लहान मुलांत मुंग्या सराव संपल्यावरही तासाभरात गेल्या नाहीत, तर पिस्तूल बाजूला ठेवून हाडांच्या डॉक्टरला हात दाखवा. त्यात चालढकल नको.

रेवती_रोड

शेल्फबद्दल नियमाची बाजूही सांगतो, कारण इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला, मुलं इथेच अडकतात. शेल्फ ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही. म्हणजे ती हाताला मिठी मारल्यासारखी वर वळलेली चालत नाही, आणि अंगठ्यासमोरची बाजू खाली वळवलेलीही चालत नाही. अंगठा वरच्या दिशेने मोकळा सुटला पाहिजे. मनगट पूर्ण मोकळं आणि दिसणारं हवं. अख्खं पिस्तूल ग्रिपसकट ४२० × २०० × ५० मिमीच्या डब्यात बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत.

यातले ५० मिमी लक्षात ठेवा. तळहाताच्या बाजूला पुट्टी चढवत गेलं की रुंदी नकळत पन्नाशी ओलांडते. घरी दोन जाड पुठ्ठे ५० मिमी अंतरावर उभे चिकटवून त्यातून पिस्तूल सरकवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

जुन्या फोटोंत हाताला पूर्ण वेढणाऱ्या लाकडी ग्रिप दिसतात, त्या बघून कोणी तसं करायला जाऊ नये. त्या ५० मीटर फ्री पिस्तूलच्या. तिथे मनगट मोकळं ठेवून बाकी ग्रिप हवी तशी करता येत असे. तो प्रकार २०१६ नंतर ऑलिंपिकमधून गेला. १० मीटरला आणि २५ मीटरलाही तशी ग्रिप बाद होते. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून घडलेल्या विजय कुमारने २०१२ ला लंडनमधे रौप्य मिळवलं ते २५ मीटर रॅपिड फायरमधे. तिथे तर पिस्तुलाचा डबा आणखी लहान असतो, ३०० × १५० × ५०.

अक्रोड_आणि_कानस

लाकडाचं मी सांगतो. आधी सरळ उत्तर: मीडियम घासू नका, त्याच मॉडेलची स्मॉल ग्रिप घ्या, आणि मीडियम जशीच्या तशी पिशवीत घालून ठेवा. मुलगी १४ ची आहे. दोन वर्षांनी हाच हात कदाचित मीडियमला बसेल, तेव्हा घासलेली ग्रिप ना तिला कामाची, ना विकायला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ग्रिपची रुंदी घासून कमी करता येते, घेर फारसा नाही. मधलं बोट आणि अनामिका पुढून वळसा घालून डाव्या बाजूला येतात. मोठ्या ग्रिपमधे ती अर्ध्या वाटेतच थांबतात आणि त्यांची टोकं लाकडात रुततात. पकड हवी ती मधल्या पेराने सरळ मागे ओढणारी, टोकांनी बाजूला दाबणारी नव्हे. घेर कमी करायला पुढची बाजू घासावी, तर तिथे आत धातूची चौकट आणि ग्रिपचा स्क्रू असतो. चौकटीच्या खाचेवर निदान चार-पाच मिलिमीटर लाकूड राहिलं पाहिजे, नाहीतर स्क्रू कसताना बारीक चीर पडते. ती सुरुवातीला दिसतही नाही, पण ग्रिप चौकटीवर केसभर हलायला लागते आणि मग कारण शोधता शोधता माणूस वेडा होतो.

शिसवीच्या ग्रिपचंही हेच. बाहेरचा आकार चांगला सुतार हुबेहूब काढेल. खरं कसब आतल्या खाचेत आहे. ती चौकटीला घट्ट बसली नाही तर बाहेरचा आकार कितीही सुंदर असो, उपयोग नाही. शिसव अक्रोडापेक्षा जडही असते, आणि १४ वर्षांच्या हाताला खाली लटकणारं वजन चाळिसाव्या शॉटनंतर जाणवतं. सागवान हलकं, पण तेलकट. त्यावर इपॉक्सी धरायला पाहिजे तर आधी थिनरने पुसावं लागतं, नाहीतर पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते.

स्मॉल मिळेपर्यंत मीडियमवर काहीही चिकटवायचं नाही, हेही सांगतो. साइट उजवीकडे जात असेल तर ग्रिपची मागची बाजू तळहातात उजवीकडे सरकायला हवी. त्यासाठी उजव्या मागच्या अंगाचं, म्हणजे अंगठ्याखालच्या उंचवट्यासमोरचं लाकूड कमी करावं लागतं. भर घालून हा दोष सुटत नाही, उलट ग्रिप आणखी जाड होऊन बोट आणखी मागे राहतं. (साइट डावीकडे जात असती तर मात्र त्याच जागी पातळ भर घालून काम झालं असतं.)

लष्कर_ग्वाल्हेर

एक शंका. जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या ग्रिप बघितल्या आहेत. एकदम गुळगुळीत, नांगराच्या मुठीसारख्या वळलेल्या, ना शेल्फ ना बोटांच्या खाचा. तरी धरायला किती आरामशीर असतात. मग इथे एवढा खटाटोप कशाला? करंगळी खाली दुमडून धरली की झालं, असं म्हणतात.

दहाचा_ठिपका

चांगला प्रश्न आहे, कारण यातून 'आराम' म्हणजे काय ते कळतं. १८७३ सालच्या कोल्ट सिंगल ॲक्शनची मूठ तशी वळलेली आणि गुळगुळीत आहे ती मुद्दाम. शॉट सुटला की धक्क्याने ती तळहातात वर फिरते आणि हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याजवळ येतो. प्रत्येक शॉटला हॅमर अंगठ्याने मागे ओढायचा असल्याने ही फिरकी उपयोगाची. मूठ लहान, मोठ्या हाताची तीन बोटं तिच्यावर मावत नाहीत, म्हणून करंगळी खाली दुमडायची सवय. तिथे जाड रबरी ग्रिप चढवली, तर ती फिरणं बंद होतं आणि धक्का सरळ मधल्या बोटाच्या पेरावर, ट्रिगर गार्डच्या मागच्या कडेतून बसतो.

एअर पिस्तुलात हे सगळं उलटं. धक्का नगण्य, हात साठ शॉट तोच, पकड साठही वेळा तीच हवी. ग्रिप तळहातात फिरली तर ते दोषच. म्हणून खडबडीत पृष्ठभाग, शेल्फ आणि भरलेला तळवा. करंगळी इथे जवळजवळ सैल ठेवतात, फक्त टेकलेली. जोर मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा, सरळ मागे. किती जोर? पाण्याने भरलेला तांब्या न सांडता ओतताना लागतो तेवढा, आणि शॉट सुटेपर्यंत तो बदलता कामा नये. ट्रिगर ओढताना बाकीची बोटंही आवळली जातात, हा सगळ्यात सर्रास दोष. उजव्या हाताचे शॉट त्याने खाली-डावीकडे जातात.

दुकानात हातात घेतल्यावर जी ग्रिप मऊ आणि छान वाटते, ती बरेचदा जरा मोठी किंवा गुळगुळीत असते. खरी परीक्षा चाळिसाव्या शॉटला.

बडोदेकर_१०मी

पावसाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. बडोद्यात जुलै-ऑगस्टात लाकूड ओल धरतं, तुमच्या इंदुरातही पावसात तेच. शेल्फ सरकायची बंद होते किंवा ग्रिप चौकटीवर फार घट्ट होते. तेव्हा जोर लावून स्क्रू कसू नका, हिवाळ्यात लाकूड आकसलं की तोच स्क्रू सैल वाटायला लागतो. पिस्तुलाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्यातून एकदा उन्हात सुकवून परत ठेवा. ग्रिप मात्र थेट उन्हात ठेवायची नाही, तडा जातो.

घामासाठी ग्रिपवर वार्निश कधीही मारू नका. चकचकीत दिसते आणि मे महिन्यात साबणासारखी सटकते. खरखरीतपणा झिजला असेल तर बारीक टोकाच्या पंचने हलके ठोके देऊन बारीक ठिपके पाडा, एक-दीड मिलिमीटर अंतराने, खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. मोठ्या जागेवर करण्याआधी फुकट लाकडावर हात बसवून घ्या.

राजवाडा_इंदूर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केलं ते कळवते.

कोऱ्या भिंतीवर दहा वेळा: आठदा उजवी, दोनदा मधे. ट्रिगरची पट्टी ४ मिमी मागे आली, पुढे रूळ संपतो. आता बोटाचा मांसल भाग जेमतेम पट्टीवर येतो, पण तर्जनीचं मूळ लाकडाला टेकतंच, कार्ड जात नाही. शेल्फ पोस्टकार्डच्या मापाने खाली घेतली. चाळीस शॉटपर्यंत करंगळीला मुंग्या आल्या नाहीत. अंगठ्याचं दुखणं कमी आहे, पण आहे.

त्याच मॉडेलची स्मॉल ग्रिप वापरलेली मिळतेय, दोन दिवस लावून बघायला आणली आहे. तिच्यात बोट नीट पोचतं, कार्ड जातं. दहातल्या सहा वेळा साइट मधे, दोनदा उजवी, दोनदा डावी. पण तळहाताच्या मधोमध पोकळी राहते, पेन्सिल आत जाईल एवढी. ही भरायची का? आणि कशाने?

दहाचा_ठिपका

सहा मधे आणि उरलेल्या दोन्ही बाजूंना समान, म्हणजे दिशेचा दोष गेला. स्मॉल घ्या. पोकळी भरायची, पण घाईने नाही. कसं ते अक्रोडवाले सांगतीलच.

अक्रोड_आणि_कानस

पोकळी भरायचीच. तळवा रिकामा राहिला की हात ती जागा शोधत राहतो आणि दर शॉटला पकड थोडी वेगळी बसते. पण पुट्टीआधी चिकटपट्टी. रंगकामाची कागदी मास्किंग टेप घ्या. तिचा एक थर साधारण ०.१५ मिमी, म्हणजे सात थरांना एक मिलिमीटर. पोकळीच्या मधे लहान, त्यावर जरा मोठा, असे पानाच्या आकाराचे तुकडे एकावर एक लावा, कडांना पायरी राहू देऊ नका. रोज दोन-तीन थरांपेक्षा जास्त नाही. मुलगी दोन आठवडे अशीच खेळू दे. ज्या दिवशी डोळे मिटून दहातल्या आठ वेळा साइट मधे आली आणि चाळीसनंतर दुखलं नाही, त्या दिवशीचं माप पुट्टीचं माप.

हात नेमका कुठे टेकतो ते बघायला त्याच टेपवर निळ्या खडूची पूड बोटाने चोळा. कोरडा हात, दहा सेकंद निशाण धरल्यासारखं धरायचं, सोडायचं, तळहात बघायचा. रंग अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, तळव्याच्या मधे आणि मधलं बोट व अनामिकेच्या मधल्या पेरांवर दिसला पाहिजे. तर्जनीच्या मुळाशी रंग नको. अंगठ्यावर हलका ठीक, दाट असेल तर मुलगी अंगठ्याने दाबतेय. फोटो काढून तारीख टाकून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतो.

आता पुट्टी. एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सियागंजात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. या कामाला २०-२५ ग्रॅम पुष्कळ. ग्रिप पिस्तुलावरून काढून घ्या. टेप काढा, लाकूड ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, धूळ ब्रशने झटका, थिनरने पुसा आणि अर्धा तास सुकू द्या. पुट्टी घट्ट धरावी म्हणून दोन मिलिमीटरच्या ड्रिलने दोनच मिलिमीटर खोल भोकं पाडा, आठ-दहा मिमी अंतराने. ड्रिलच्या टोकावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर भोक आरपार चौकटीच्या खाचेत जातं.

मग ग्रिप परत पिस्तुलावर चढवा. आसपासच्या धातूवर आणि ट्रिगरवर टेप लावून ते झाका. रबरी हातमोजे घालून पुट्टीचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि एकही रेघ दिसणार नाही इतकं मळा. अर्धवट मळलेली पुट्टी महिनाभर मऊ राहते, आणि कच्ची इपॉक्सी कातडीला चालत नाही. मुलांना तर पुरळ येतं, म्हणून तिच्या हाताला ती लागू द्यायची नाही. ठरलेल्या मापापेक्षा केसभर जास्त भरा, थर तीन मिलिमीटरच्या आत. तिच्या हातावर स्वयंपाकघरातली पातळ पारदर्शक फिल्म गुंडाळा, फिल्मवर बाहेरून व्हॅसलिनचा हात फिरवा. व्हॅसलिन लाकडाला लागलं तर पुट्टी धरणार नाही, तेव्हा ते आधी नाही, शेवटी. तिने टार्गेटसमोर नेहमीसारखं उभं राहून, हात वर करून, शेल्फ लावलेली असताना तीस सेकंद धरायचं. टेबलावर कोपर टेकवून ठसा घेतला तर तो खोटा येतो, कारण हात उचलल्यावर तळव्याचा आकार बदलतो.

बाहेर आलेली पुट्टी ओल्या बोटाने सपाट करा. तासाभरात ती घट्ट होईल, पण घासायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. ग्रिप पुन्हा काढून आधी १२० मग २२० पेपर, कडा लाकडात विरून गेल्यासारख्या. तोंडाला मास्क बांधा, धूळ पिस्तुलापासून दूर.

शेवटी उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून, पुढचा हात पहिला पूर्ण सुकल्यावर. पुट्टीवर तेल लावायचं नाही, ते शोषलं जात नाही, चिकट राहतं. आणि ती तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, गोळा केलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

रेवती_रोड

पुट्टी सुकल्यावर पुठ्ठ्याच्या फटीतून पिस्तूल एकदा सरकवून बघायला विसरू नका. स्मॉलला ५० मिमीची अडचण सहसा येत नाही, पण शेल्फच्या कडेला पुट्टी गेली असेल तर येऊ शकते.

राजवाडा_इंदूर

सगळं लिहून घेतलं. टेप आजच लावते, खडूचे फोटो रविवारी टाकते. एकच राहिलं: टेप असताना ती स्पर्धेत खेळली तर चालेल का? १८ दिवसांनी जिल्ह्याची मॅच आहे.

दहाचा_ठिपका

मॅचच्या आधी दहा दिवस ग्रिपमधे काहीही बदलू नका, टेपचा एक थरही नाही. आठव्या दिवशी जे थर असतील तेच ठेवा, कडा पक्क्या दाबा. आदल्या दिवशी टेप ओली किंवा सैल झालेली दिसली, तर तेवढेच थर मोजून नवे लावा. कंट्रोलला आधीच ग्रिप दाखवून विचारा, ऐनवेळी वाद नको. पुट्टी मॅच झाल्यावर. रविवारी फोटो टाकाल तेव्हा डोळे मिटून केलेल्या दहा वेळांचे आकडेही लिहा.